तळाच्या संघातली पोरं

२०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला दोन संघ आले. मुंबईचा यू मुंबा आणि पुण्याचा पुणेरी पलटण. पहिल्या वर्षी मुंबईकर अंतिम फेरीत पोहोचले, दुसऱ्या वर्षी विजेते झाले. पुणेकर पहिल्या वर्षी आठ संघांत आठवे आले आणि दुसऱ्या वर्षीही आठवेच. हुतूतूला ज्या राज्यात नियमांची शिस्त लागली, ज्या राज्यात बुवा साळवींनी उभं आयुष्य या खेळाला दिलं, तिथल्या पुण्यासारख्या शहराचा संघ दोन वर्षं तळाला बसला होता. पेठांतल्या तालमींपासून बालेवाडीच्या स्टेडियमपर्यंत अनेकांना ते लागलं.

दहा वर्षांनी, १ मार्च २०२४ रोजी, हैदराबादच्या गच्चीबावली स्टेडियममध्ये याच संघाने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून करंडक उचलला. कर्णधार होता पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा अस्लम इनामदार. त्याच्याबरोबर चढाया करणारे पंकज मोहिते, मोहित गोयत आणि आकाश शिंदे हे सगळे याच संघात वाढलेले होते. मोठ्या रकमेला आयता घेतलेला खेळाडू एकच होता, आणि तो कोपऱ्यात उभा राहून पकडी करत होता.

मधल्या दहा वर्षांत काय घडलं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण हरणारा संघ आणि नवखी पोरं यांचं नातं लोक मानतात तितकं सरळ नाही.

हरणारा संघ पहिल्यांदा बाजारात जातो. पुणेही गेलं. २०१६ मध्ये लीगचे दोन हंगाम झाले. बाहेरून आणलेल्या अनुभवी खेळाडूंच्या जोरावर पुणे दोन्ही वेळा तिसरं आलं. २०१८ च्या लिलावात पहिल्यांदाच सहा खेळाडू कोटीच्या घरात गेले. त्यातला नितीन तोमर पुण्याने १ कोटी १५ लाखांना घेतला, पण त्या हंगामात संघ बाद फेरीतही गेला नाही. २०१९ मध्ये प्रशिक्षक म्हणून अनुप कुमार आला. २०१६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा हा कर्णधार नुकताच निवृत्त झाला होता. संघ मात्र बारा संघांत दहावा आला. पैसा झाला, नाव झालं, थोर खेळाडू प्रशिक्षक म्हणून लाभला, तरी तक्त्यातली जागा काही वर सरकेना.

त्याच पडत्या हंगामात पंकज मोहिते नावाचा नवखा चढाईपटू पुण्याकडून मॅटवर उतरला. संघाने आपली युवा फळीही बांधायला घेतली आणि तिला युवा पलटण असं नाव दिलं. राज्यातली आणि राज्याबाहेरची पोरं निवडून आणायची, एकत्र ठेवायची, त्यांच्याकडून सराव करून घ्यायचा, स्पर्धा खेळवायच्या आणि तयार झालेल्यांना मुख्य संघात घ्यायचं, असं ते काम होतं. वर्तमानपत्रांत त्यावर फारसं छापून आलं नाही, कारण तेव्हा छापण्यासारखा निकालही नव्हता.

इथे लिलावाचा हिशेब समजून घ्यायला हवा. त्यावाचून पुढची गोष्ट कळत नाही. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. २०२३ मध्ये ती ५ कोटी रुपये होती. आदल्या वर्षीचे जे खेळाडू संघ स्वतःकडे राखतो, त्यांचं मानधनही त्याच रकमेतून वजा होतं. नवख्या खेळाडूंचा वर्ग मात्र वेगळा असतो. त्यांच्यावर कोट्यवधींच्या बोली लागत नाहीत. ठरलेल्या, तुलनेने कमी मानधनावर त्यांना संघात घेता येतं आणि पुढच्या हंगामात राखताही येतं. म्हणजे वीस वर्षांचा पोरगा घडवला, तर पुढची दोन-तीन वर्षं चांगला खेळाडू परवडणाऱ्या पैशांत हाताशी राहतो. वाचलेल्या पैशांतून बाजारातला एक मोठा मोहरा घेता येतो. उलट, सगळा संघ बाजारातूनच उभा करायचा म्हटलं, की एका मोठ्या नावात अर्धी थैली रिकामी होते आणि उरलेल्या जागा उरल्यासुरल्या पैशांत भराव्या लागतात.

दुसरी अडचण याहून बारीक आहे आणि ती चढायांच्या गणितात दडलेली आहे. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची आणि सामना ४० मिनिटांचा. म्हणजे एका संघाला सामन्यात साधारण चाळीस चढाया मिळतात. त्यातल्या वीस-बावीस मुख्य चढाईपटू घेतो. उरलेल्यांत दुसरा आणि तिसरा. राखीव बाकावरच्या चौथ्या पोराच्या वाट्याला सामना हातचा गेल्यावरच्या दोन-तीन चढाया येतात, त्याही समोरच्या बचावफळीने अंग सैल सोडल्यावर. अशा दोन-तीन चढायांनी कुणी घडत नाही. चढाईपटू घडतो तो तिसऱ्या चढाईत. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. हिंदी समालोचक तिला ‘करो या मरो’ म्हणतात. समोर सात जणांची साखळी, घड्याळाचे सेकंद सरत आहेत आणि आता जायलाच हवं, हे सगळ्या स्टेडियमला माहीत आहे. ही चढाई सरावात शिकवता येते, पण तिची भीती फक्त सामन्यातच मरते.

या बाबतीत आइस हॉकीवाल्यांनी फार पूर्वी विचार केलेला आहे. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमधल्या संघांचे दुय्यम लीगमध्ये जोडसंघ असतात. मुख्य संघात निवडलेला कोवळा खेळाडू वर्ष-दोन वर्षं तिथे पाठवतात. मिरचीचं रोप आधी गादीवाफ्यात वाढवून मग शेतात लावतात, तसंच हे. वर नेऊन बाकावर बसवण्यापेक्षा खालच्या संघात रोज भरपूर वेळ खेळायला मिळालेलं बरं, असा त्यामागचा विचार आहे. तो दुय्यम संघ हरत असला तरी चालतो. हरणाऱ्या संघात जागा रिकाम्या असतात आणि अटीतटीच्या वेळीही पोराला बर्फावर उतरवायला प्रशिक्षक कचरत नाही.

तिथे हरणाऱ्याला आणखी एक सवलत आहे. हंगामाच्या शेवटी नव्या खेळाडूंची निवड होते, तेव्हा तळाच्या संघांना आधी संधी मिळण्याची शक्यता जास्त असते. पिट्सबर्ग पेंग्विन्स हा संघ २००३-०४ मध्ये अगदी तळाला होता. २००४ मध्ये त्यांना एव्हगेनी माल्किन मिळाला आणि २००५ मध्ये पहिल्या क्रमांकावर सिडनी क्रॉस्बी. २००९ मध्ये त्यांनी स्टॅन्ली करंडक जिंकला. गोष्ट इथेच थांबवली तर वाटेल की हरा, भारी पोरं मिळतील आणि मग जिंकाल. पण त्या अंतिम लढतीतला डेट्रॉइटविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना पेंग्विन्सनी २-१ असा जिंकला, तेव्हा दोन्ही गोल मॅक्स टॅल्बोने केले होते. तो २००२ च्या निवडीत आठव्या फेरीत, २३४ व्या क्रमांकावर घेतलेला होता आणि विल्क्स-बॅरेच्या दुय्यम संघात खेळून वर आला होता. त्या दिवशी बाकामागे उभा असलेला प्रशिक्षक डॅन बाइल्स्मा हाही चार महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच दुय्यम संघाचा प्रशिक्षक होता.

याच्या नेमकं उलट उदाहरण एडमंटन ऑइलर्सचं. २०१०, २०११, २०१२ आणि २०१५ अशा चार वर्षी त्यांना पहिल्या क्रमांकाची निवड मिळाली. त्या त्या वर्षी सर्वांत गुणी मानली गेलेली पोरं एकामागून एक त्यांच्याकडे आली. तरीही २००६ नंतर लागोपाठ दहा हंगाम हा संघ बाद फेरीत गेला नाही. अठरा वर्षांच्या पोरांना थेट मोठ्या सामन्यांत उतरवायचं, त्यांच्या बाजूला जाणता माणूस ठेवायचा नाही आणि दर दोन वर्षांनी प्रशिक्षक बदलायचा, असं चालू राहिलं तर तळाच्या जागेचा कुणाला काही उपयोग होत नाही. पोरांना हरण्याची सवय तेवढी लागते.

प्रो कबड्डीत तळाच्या संघाला अशी आधी निवडण्याची मुभा नाही. पुण्याला हरण्याचं बक्षीस मिळणार नव्हतं. जे मिळवायचं ते स्वतःच उभं करावं लागणार होतं.

आठवा हंगाम २०२१ च्या २२ डिसेंबरला सुरू झाला आणि तो करोनाच्या सावटाखाली बंगळूरच्या एकाच हॉटेलात, प्रेक्षकांशिवाय खेळवला गेला. पुण्याकडे कर्णधार नितीन तोमर होता आणि लीगच्या पहिल्या पिढीतला सर्वांत लोकप्रिय चढाईपटू राहुल चौधरीही होता. कागदावर चढायांची बाजू भक्कम होती. हंगाम सुरू झाला आणि हे दोघे काही लयीत येईनात. तेव्हा अनुप कुमारने चढाया अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांच्याकडे सोपवल्या. दोघांचाही तो पहिलाच हंगाम होता.

असा निर्णय बाहेरून पाहताना सोपा वाटतो. कर्णधार बाकावर, नावाजलेला खेळाडू बाकावर आणि ज्यांची नावं प्रेक्षकांना माहीत नाहीत ती पोरं मॅटवर. सामना हरला तर बोल प्रशिक्षकाला लागतो. पुणे त्या हंगामात बरेच सामने हरलंही. पण दोघांच्या चढाया कमी झाल्या नाहीत. सामन्यामागून सामना तिसरी चढाई तेच करत राहिले. हंगाम संपता संपता संघ बाद फेरीत गेला. तिथे यूपी योद्धाने त्यांना बाहेर काढलं, तरी सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचं पारितोषिक मोहित गोयतला मिळालं होतं आणि पुढच्या काही वर्षांची चढायांची बाजू पुण्याच्या हाती आली होती. या साऱ्या प्रवासातलं सर्वांत धाडसाचं पाऊल हेच. करंडक दोन वर्षांनी आला, पण तो या हंगामात पेरला गेला आणि त्याचं श्रेय अनुप कुमारला जितकं मिळायला हवं तितकं मिळालेलं नाही.

अस्लमची गोष्ट आता महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वडील लहानपणीच गेले, आईने मोलमजुरी करून घर चालवलं. मोठा भाऊ कबड्डी खेळायचा, त्याच्यामागून हाही खेळू लागला. टाकळी ढोकेश्वर हे नगर-कल्याण रस्त्यावरचं, दुष्काळी पट्ट्यातलं गाव. तिथल्या पोरांनी कबड्डी शिकायची ती मातीवर. पारनेर असो की सिल्लोड, अजिंठ्याच्या डोंगररांगेखालची गावं असोत की माणदेश, महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात या खेळाचं चित्र सगळीकडे सारखंच आहे. शिवजयंतीला किंवा गावच्या यात्रेला स्पर्धा भरते. आठवडाभर आधी पोरं मैदान खणतात, खडे वेचतात, माती चाळतात, पाणी मारून ती बसवतात. संध्याकाळी चुन्याच्या रेषा पडतात. हॅलोजनच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत सामने चालतात आणि रोख बक्षिसासाठी शेजारच्या तालुक्यांतून संघ जीप भरून येतात.

मातीतून मॅटवर जाणं ही नुसती जागा बदलण्याची बाब नाही. मातीवर पोरगा अनवाणी खेळतो. पाय घसरतो आणि त्या घसरण्याचाच तो उपयोग करतो. चकवा देताना टाच रुतवतो, अंग झुकवून सरकतो. मॅटवर बूट घालावे लागतात आणि बूट मॅट धरून ठेवतो. शरीर वळतं, पाय मात्र जागीच राहतो. सवय नसलेल्या पोराचा गुडघा तिथेच जातो. बोनसचंच पाहा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तेव्हाच बोनस मिळतो. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. त्या एका क्षणी चढाईपटू एका पायावर असतो. कोपरारक्षक दबा धरून बसलेला असतो, तो नेमका याच क्षणाची वाट पाहत, घोट्यावर झडप घालायला. मातीवर निसटण्याची थोडी आशा असते. मॅटवर पकड बसली की बसली. म्हणून मॅटवरचा चढाईपटू बोनस घेतानाच परतीचा पाय कुठे पडणार हे ठरवून ठेवतो. हे अंगात भिनायला महिनोन् महिने मॅटवर, तेही आपल्यापेक्षा तगड्या कोपरारक्षकासमोर खेळावं लागतं. युवा पलटणने पोरांना दिलं ते मुख्यतः हेच.

पुढच्या हंगामात, २०२२ मध्ये, प्रशिक्षक म्हणून बी. सी. रमेश आले. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला करंडक मिळवून देणारे तेच. संघाने या वेळी बाजारातही पैसा ओतला, पण तो वेगळ्या जागी. इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला आणि त्याचाच देशबांधव, अष्टपैलू मोहम्मद नबीबक्ष ८७ लाखांना. चढाईची बाजू पोरांकडेच ठेवली. जाणती माणसं आणली ती पोरांच्या शेजारी उभी राहायला. फझल कर्णधार झाला. अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत असे तरुण बचावपटू त्याच्याबरोबर खेळले. जगातल्या उत्तम कोपरारक्षकांपैकी एकाच्या बाजूला हंगामभर उभं राहून कधी झेपावायचं आणि कधी थांबायचं हे पाहणं, याची बरोबरी कुठल्याही शिबिराला करता येणार नाही.

उपांत्य फेरीत तमिळ थलायवाजविरुद्ध पंकज मोहितेने १६ गुण मिळवले आणि पुणे ३९-३७ असं जिंकलं. मुंबईतल्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने ३३-२९ अशी बाजी मारली. दोन वेळा तळाला बसलेला संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत जाऊन हरला होता.

त्या उपांत्य फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याकडेही थोडं पाहायला हवं. तमिळ थलायवाजने त्या वर्षी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं होतं, तेव्हाची सर्वोच्च बोली. पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. मग चढाया आल्या नरेंदर या नवख्या पोराकडे. तो हंगामाचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला आणि त्याआधी कधीही बाद फेरी न पाहिलेला थलायवाज उपांत्य फेरीत गेला. पुण्याने जे ठरवून केलं, ते थलायवाजला अपघाताने करावं लागलं. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघाला. पोरांमध्ये खेळ होता, अडलं होतं ते त्यांना मिळणाऱ्या चढायांपाशी.

२०२३ च्या ७ ऑक्टोबरला हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण जिंकलं. एका चढाईच्या गुणांवरून वाद झाला आणि खेळ बराच वेळ थांबला होता. भारताच्या चमूत अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे असे पुणेरी पलटणचे दोन मराठी चढाईपटू होते. समोर इराणच्या बचावात होता मोहम्मदरेझा शादलुई. दोनच दिवसांनी मुंबईत लीगचा लिलाव सुरू झाला आणि पुण्याने शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं.

पाच कोटींतले जवळजवळ निम्मे पैसे एका माणसावर. वर सांगितलेल्या हिशेबाने हा वेडेपणा ठरायला हवा होता. ठरला नाही, कारण बाकीचा संघ आधीच उभा होता. पुण्याने अस्लम, मोहित, पंकज, आकाश, संकेत सावंत, अबिनेश, गौरव खत्री ही सगळी फळी राखली होती. नव्या पोरांतून बादल सिंग आणि आदित्य शिंदे यांनाही. फझलला सोडलं होतं आणि कर्णधारपद अस्लमला दिलं होतं.

त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. तीही जवळजवळ निम्मी थैली, आणि खेळाडू देशातला सर्वोत्तम चढाईपटू. आधीचे दोन हंगाम टायटन्स तळाला होते. पवन आला आणि मन लावून खेळलाही, पण २२ सामन्यांत टायटन्सने २ जिंकले आणि ते पुन्हा तळाला राहिले. पुण्याने २२ पैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, २ गमावले आणि ९६ गुणांसह अव्वल स्थान मिळवलं. दोन्ही संघांनी एका माणसावर जवळजवळ सारखाच पैसा लावला होता. फरक उरलेल्या सहा जागांत होता. उपांत्य फेरीत पाटण्याला ३७-२१ असं चीत करून पुणे हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यात उतरलं. पंकज मोहितेच्या एका चढाईत चार गुण आले आणि सामना पुण्याकडे झुकला. शादलुई हंगामातला सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान अस्लमला मिळाला.

सिल्लोडसारख्या कोरडवाहू तालुक्यातल्या पोराला यातून काय मिळतं? मक्याच्या आणि कापसाच्या या तालुक्यात अंगात रग असलेल्या, कबड्डीवर जीव टाकणाऱ्या पोरांना तोटा नाही. यात्रेच्या स्पर्धा आहेत, मंडळं आहेत, शाळांचे तालुका आणि जिल्हा सामने आहेत. छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटरवर आहे. तिथे विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे. म्हणजे शिडीची खालची पायरी आहे आणि वरची पायरीही आहे. मधल्या पायऱ्यांवर मात्र पोरं गळतात. सतरा ते वीस या वयात. बारावी झालेली असते, घरी शेतीला हात हवे असतात, गावचा संघ हरत असतो आणि हरणाऱ्या संघातल्या चांगल्या पोराकडे कुणाचं लक्ष जात नाही. जिल्हा निवड चाचणी मॅटवर होते आणि पोरगा आयुष्यात पहिल्यांदा बूट घालून तिथे उतरतो. पहिल्याच चढाईत पाय अडकतो आणि निवड समितीच्या वहीत त्याच्या नावापुढे काही लिहिलं जात नाही. त्याची चूक एवढीच असते की त्याला कुणी मॅट दाखवलेली नसते.

हॉकीत महाराष्ट्राने ही मधली पायरी काही प्रमाणात बांधून दाखवली आहे. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके ही शेतकऱ्याची मुलगी. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाली, तिथेच राहिली, कृत्रिम मैदानावर रोज खेळली. २०२३ मध्ये हांगझोला कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला हॉकी संघात ती होती. ज्या गावांत हॉकीचं मैदानही नाही, तिथून पोरगी भारतीय संघात जाते, कारण तेरा-चौदाव्या वर्षी कुणीतरी तिला हेरलं आणि पुढची वर्षं तिच्या राहण्या-खाण्याची, मैदानाची आणि सामन्यांची सोय लावली. कबड्डी तर आपल्या मातीतलाच खेळ, त्याला ही सोय लावणं याहून अवघड असायला नको. तालुक्याच्या क्रीडा संकुलात एक मॅट, आठवड्यातून तीन दिवस सराव आणि महिन्यातून दोनदा शेजारच्या तालुक्यांच्या संघांशी सामने. वीस वर्षांखालच्या पोरांना सबंध सामनाभर खेळवायचं, निकाल काहीही लागो. प्रत्येक तालुक्याने एवढं केलं, तर निवड चाचणीला उतरणारा पोरगा निदान मॅटला घाबरणार नाही.

करंडकानंतरचं वर्ष पुण्याला जड गेलं. शादलुई हरयाणाकडे गेला आणि त्या हंगामात हरयाणाच विजेता झाला. अस्लम जायबंदी होऊन बाहेर बसला आणि संघ आठव्या क्रमांकावर घसरला. रमेश गेले, त्यांच्या जागी भारताचा माजी कर्णधार अजय ठाकूर आला. बाजारात धावायला पुरेशी कारणं होती. पुण्याने या वेळीही पोरांवरच भिस्त ठेवली. २०२५ च्या हंगामात संघ पुन्हा गुणतक्त्यात पहिला आला आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा अंतिम सामना हरला. दिल्लीच्या बचावात फझल अत्राचली होता. पुण्याकडून त्या सामन्यात चढायांचा भार आदित्य शिंदेने उचलला, २०२३ मध्ये नवख्यांच्या यादीत राखलेल्या दोन पोरांपैकी एकाने.